स्वस्त तिकीट आणि न थांबणारे जहाज



पूर्वी आपल्या वस्तीत लांबचा प्रवास म्हटला की दोन-तीनच ठिकाणे डोळ्यांपुढे येत. नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी, आणि लेकीचे सासर. पिशवीत दशम्या, चटणी आणि पाण्याची बाटली घेतली की माणसे एस.टी.त बसत. जागा मिळाली नाही तर उभे राहून जात. प्रवासाचा हिशेब सोपा होता. एक गाडी चुकली तर दुसरी होती.

आता दिवस पालटले आहेत. जळकोट, उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार या भागातली आपली मुले शिकली. कोणी हैदराबादला कंपनीत लागले, कोणी पुण्याला, कोणी मुंबईला. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात आणि रोजगार हमीच्या कामावर राबलेल्या आईबापांना एकदा तरी समुद्र दाखवावा, विमानात बसवावे, असे या मुलांना वाटते. यात वावगे काही नाही. कष्टाने मिळवले आहे, सन्मानाने खर्च करायचे आहे.

अशा घरात हल्ली मोबाइलवर एक जाहिरात हटकून येते. "सिंगापूरहून तीन रात्रींची क्रूझ." क्रूझ म्हणजे समुद्रावर तरंगणारे मोठे हॉटेलच. खोली, जेवण, करमणूक सगळे जहाजावर. सिंगापूरच्या मरीना बे बंदरातून 'गेंटिंग ड्रीम' नावाच्या जहाजाच्या अशा फेऱ्या २०२२ साली सुरू झाल्या. आपल्या मुंबईतून कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजाच्या फेऱ्या २०२१ साली सुरू झाल्या. २०२२ साली याच जहाजाच्या फेऱ्या चेन्नईहूनही सुरू झाल्या आणि २०२३ साली ते चेन्नईहून श्रीलंकेपर्यंत गेले.

जाहिरातीत जहाजाचा दर मोठ्या अक्षरात असतो. पण जहाज जळकोटला येत नाही. आपल्यालाच बंदरापर्यंत जावे लागते. मग विमानाचे तिकीट काढायची वेळ येते, आणि तिथेच घोळ सुरू होतो. विमान कंपनी एक दर सांगते. नांदेडचा किंवा लातूरचा एजंट म्हणतो, "साहेब, माझ्याकडे ग्रुपच्या सीटा आहेत. माणशी साडेतीन हजार कमी पडतील." चार माणसांचे चौदा हजार वाचणार असतील तर कोणाला नको आहेत? एवढ्या पैशात घरातला महिन्याचा किराणा भरून वर मुलाची फी निघते.

म्हणून आज या स्वस्त तिकिटाचा हिशेब मांडू. एजंट लबाड असतो असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ एजंट सचोटीचे असतात. स्वस्त तिकीट वाईटच असते असेही नाही. प्रश्न एवढाच आहे, की ते स्वस्त का आहे, आणि ते आपल्या कामाचे आहे का?

तिकीट स्वस्त का मिळते?

उदगीरचा किंवा नांदेडचा मोंढा आपल्याला ठाऊक आहे. तिथे ठोक व्यापारी एकदम शंभर पोती उचलतो, म्हणून त्याला भाव कमी पडतो. तो किरकोळ दुकानदाराला देतो आणि दुकानदार आपल्याला. विमानाच्या तिकिटांचेही तसेच आहे. या धंद्यातल्या ठोक व्यापाऱ्याला कन्सॉलिडेटर म्हणतात. विमान कंपनी त्याला ठरावीक जागा जाहीर दरापेक्षा कमी दराने देते. तो त्या लहान गावच्या एजंटांना विकतो. प्रत्येक टप्प्यावर थोडा नफा चढतो, तरीही शेवटचा दर कधी कधी जाहीर दरापेक्षा कमी राहतो.

ही पद्धत जुनी आहे. १९७० च्या दशकात विमान कंपन्यांचे आंतरराष्ट्रीय दर आपसांत ठरलेले असत. रिकाम्या राहणाऱ्या जागा मागच्या दाराने कमी दरात विकणारी दुकाने तेव्हा लंडनमध्ये निघाली. त्यांना 'बकेट शॉप' म्हणत. पुढे दरांवरची बंधने सैल झाली आणि तोच धंदा उघडपणे चालू लागला.

आपल्याकडे असे तिकीट मुख्यतः दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात ठोक व्यापाऱ्याचा विमान कंपनीशी खास दराचा करार असतो आणि तिकीट तुमच्या एकट्याच्या नावाने निघते. दुसऱ्या प्रकारात त्याने एखाद्या तारखेच्या एका विमानातल्या दहा, वीस किंवा चाळीस जागा आधीच अडवून ठेवलेल्या असतात. याला कोणी 'ग्रुप फेअर' म्हणते, कोणी 'सिरीज फेअर', कोणी 'फिक्स डिपार्चर'. प्रवाशांची नावे त्यात नंतर भरली जातात.

आता दुकानातली ती पाटी आठवा. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ठोक भावाच्या तिकिटावर ती पाटी अदृश्य शाईने लिहिलेली असते. तारीख बदलता येत नाही, किंवा बदलायला तिकिटाइतकाच दंड पडतो. रद्द केले तर मूळ भाडे बुडते. नाव चुकले तर दुरुस्ती अवघड होते. आणि काही अडले तर विमान कंपनी म्हणते, "तुमच्या एजंटला विचारा." एजंट म्हणतो, "वरच्या पार्टीला विचारतो." वरची पार्टी मुंबईत किंवा दिल्लीत. तोवर रात्रीचे अकरा वाजलेले असतात.

स्वस्ताई या अटींच्या बदल्यात मिळते. लग्नाला मुंबईला जायचे असेल तर या अटी चालतील. विमान चार तास उशिरा गेले तर हळद चुकेल, अक्षता चुकणार नाहीत. पण जहाजाची गोष्ट निराळी आहे.

जहाज कोणासाठी थांबत नाही

बंदरातली नोंदणी जहाज सुटण्याच्या तास-दोन तास आधीच बंद होते. प्रवाशांची यादी अधिकाऱ्यांकडे जाते आणि जिना उचलला जातो. तुम्ही टॅक्सीत असा की विमानतळावर पट्ट्याजवळ बॅगेची वाट पाहत असा, जहाज जाते. दुसरे जहाज संध्याकाळी नसते. भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत, कारण जहाज कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत.

"पुढच्या बंदरावर जाऊन जहाज पकडू" असे कोणी म्हणेल. सांगायला सोपे आहे. त्यासाठी नवे विमान, गरज असेल तर त्या देशाचा व्हिसा आणि जहाज कंपनीची परवानगी लागते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन परक्या देशात ही धावपळ कोण करणार?

विमाने चुकतात का? चुकतात, आणि त्यात आपला दोष नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नईचा विमानतळच बंद ठेवावा लागला होता. नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले. इंडिगो कंपनीची तयारी अपुरी पडली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशभर हजारो फेऱ्या रद्द झाल्या. एकट्या ५ डिसेंबरला हजाराहून जास्त विमाने रद्द झाली. उरलेल्या तिकिटांचे दर इतके चढले की ६ डिसेंबरला सरकारला कमाल दर ठरवून द्यावे लागले. ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, आणि १५०० किलोमीटरच्या पुढे अठरा हजार रुपये. म्हणजे अडल्या वेळी नवे तिकीट काय भावाने पडते याचा अंदाज घ्या.

कधी कधी कंपनीच बसते. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली. गो फर्स्टची विमाने ३ मे २०२३ पासून उडाली नाहीत. ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांचे पैसे अडकले.

हिशेब मांडून पाहू

आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे घालून हाच हिशेब घरी करा.

समजा, चार माणसे आहेत. नवरा-बायको, मुलगा आणि सासूबाई. जहाजाचे माणशी ४५ हजार, म्हणजे १ लाख ८० हजार भरले. एल.आय.सी.ची पॉलिसी पिकली, बचत गटातून थोडे उचलले, मुलाने बोनस घातला, तेव्हा ही रक्कम उभी राहिली. आता हैदराबाद ते सिंगापूर जाऊन-येऊन विमान. एजंटचा दर माणशी २४ हजार, चौघांचे ९६ हजार. कंपनीचा बदलता येणारा दर माणशी २७ हजार ५००, चौघांचे १ लाख १० हजार. फरक १४ हजार. एक दिवस आधी पोचून स्वस्त हॉटेलात दोन खोल्या घेतल्या तर समजा ९ हजार रुपये.

म्हणजे तीन वाटा झाल्या.

पहिली वाट: एजंटचे तिकीट, जहाज सुटते त्याच दिवशी सकाळी पोचायचे. खर्च ९६ हजार. सर्वात स्वस्त. पण विमान चुकले किंवा रद्द झाले तर १ लाख ८० हजार पाण्यात.

दुसरी वाट: कंपनीचे महाग तिकीट, पण त्याच दिवशी पोचायचे. खर्च १ लाख १० हजार. इथे पुष्कळांची फसगत होते. महाग तिकीट काढले म्हणजे आपण सुरक्षित, असे वाटते. पण विमान सहा तास उशिरा निघाले तर महाग तिकीटवालाही सहा तास उशिराच पोचतो. त्याला तिकीट बदलता येईल, पैसे परत मागता येतील, पण जहाज मिळणार नाही.

तिसरी वाट: एजंटचे स्वस्त तिकीट, पण एक दिवस आधी पोचायचे आणि रात्री मुक्काम करायचा. खर्च १ लाख ५ हजार. दुसऱ्या वाटेपेक्षा पाच हजारांनी कमी, आणि हातात पुरता एक दिवस. विमान सहा तास उशिरा आले तरी जहाज मिळते. विमान रद्द झाले तरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुसरे शोधायला वेळ असतो.

पाहा, पैसे कुठे घालायचे हे या हिशेबातून आपोआप कळते. महाग तिकिटापेक्षा एका रात्रीचा मुक्काम जास्त कामाचा आहे. पहिल्या वाटेपेक्षा नऊ हजार जास्त जातात. १ लाख ८० हजारांचा तो विसावा हिस्सा होतो. कोणी हुशार मुलगा म्हणेल, "आई, वीस वेळा गेलो तर एकदाही विमान चुकणार नाही. मग नऊ हजार कशाला?" त्याचे गणित चुकीचे नाही. पण ज्याच्याकडे वीस वेळा जायला पैसे आहेत त्याचे ते गणित आहे. आपण आयुष्यात एकदा जाणार आहोत. जे गेले तर पुन्हा उभे करायला तीन वर्षे लागतील, ते नऊ हजारांसाठी पणाला लावू नये.

मग महाग तिकीट कधी घ्यावे? जेव्हा बेत बदलण्याची शक्यता असते तेव्हा. सासूबाईंची साखर वर-खाली होते, सूनबाईंना दिवस गेले आहेत, मुलाची रजा मंजूर व्हायची आहे. अशा घरात परत न मिळणारे तिकीट काढू नये. जिथे सगळे पक्के आहे आणि एक दिवस हाताशी आहे, तिथे ठोक भावाचे तिकीट खुशाल घ्यावे.

आणखी एक वाट आहे. जहाज, विमान आणि मुक्काम सगळे एकाच सहल कंपनीकडून, एकाच पावतीवर घेणे. दर थोडा चढा असतो. पण विमान चुकले तर जहाजाचे काय, याचे उत्तर एकालाच द्यावे लागते. पैसे भरण्यापूर्वी ते उत्तर लेखी मागा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस नावाची रक्कम कापतात. ती आयकर विवरणपत्र भरून परत मागता येते, म्हणून पावती जपून ठेवा.

जळकोटहून निघताना

आपल्या गावापासून विमानतळापर्यंतचा टप्पा पुष्कळ जण हिशेबातच धरत नाहीत.

नांदेडला विमानतळ आहे, पण त्याच्या फेऱ्यांचा इतिहास चढ-उताराचा आहे. २०१७ साली उडान योजनेत ट्रुजेटने नांदेड-हैदराबाद विमान सुरू केले. २०२२ साली ती कंपनीच थांबली. २०२४ साली स्टार एअरची विमाने आली. नांदेडचे लहान विमान आणि हैदराबादचे मोठे विमान वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या तिकिटांवर असेल, तर एक धोका लक्षात ठेवा. पहिले उशिरा गेले तर दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही. तिच्या दृष्टीने तुम्ही 'नो-शो', म्हणजे न आलेले प्रवासी. एका तिकिटातला पहिला टप्पा चुकला की बहुधा पुढचे टप्पेही रद्द होतात, परतीचासुद्धा. दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असतील तर मात्र पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीकडे येते. म्हणून "दोन्ही एकाच तिकिटावर आहेत का?" हा प्रश्न एजंटला पहिला विचारा.

हैदराबादहून सिंगापूरला थेट विमाने आहेत. उदगीरहून भालकी, बीदर, विकाराबाद मार्गे रेल्वेने हैदराबाद गाठता येते. पण विमानतळ शहराबाहेर शमशाबादला आहे. तिथे पोचायला वेगळा वेळ धरा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचे असते. हैदराबादला मुलगा, भाचा, मेव्हणा कोणी राहत असेल तर आदल्या रात्री त्याच्या घरी उतरा. पाहुणचारही होईल आणि जीवाला घोरही लागणार नाही.

आणि जहाज मुंबईहून सुटणार असेल तर विमान हवेच कशाला? बीदर-मुंबई गाडी उदगीर आणि लातूरवरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. ती रोज नसते, म्हणून दिवस पाहून आरक्षण करा. इतर दिवशी लातूरहून मुंबई गाडी आहे. क्रूझचे बंदर बॅलार्ड पिअर भागात आहे, म्हणजे त्या स्टेशनापासून टॅक्सीने अगदी जवळ. एक दिवस आधी पोचा आणि नातेवाइकांकडे उतरा. चौघांच्या विमानाचा खर्च वाचेल, त्यात जहाजावरची चांगली खोली येईल.

चेन्नईचे जहाज असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा पावसाचा आणि वादळांचा काळ आहे हे ध्यानात घ्या. त्या दिवसांत एक नव्हे, दोन दिवस हाताशी ठेवावेत.

परतीचेही पाहा. जहाज सकाळी आठला बंदराला लागले तरी बाहेर पडायला उशीर होतो. हजारो माणसे आणि त्यांच्या बॅगा एकाच वेळी उतरत असतात. दुपारच्या आतले विमान घेऊ नका. संध्याकाळचे बरे.

पैसे देण्यापूर्वी एजंटला काय विचारावे?

१) तिकीट कोणत्या प्रकारचे आहे, साधे की ग्रुपचे? रद्द केले तर किती परत मिळेल, तारीख बदलायला किती लागेल? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.

२) हाच दर विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किती आहे? मुलांना पाहायला सांगा. पुष्कळदा फरक पाच-सातशेच निघतो. एवढ्यासाठी अटी पत्करण्यात अर्थ नाही.

३) ग्रुपचे असेल तर आमची नावे विमान कंपनीकडे कधी जाणार? नावे भरल्याशिवाय तिकीट तयार होत नाही.

४) पीएनआर द्या. सहा अक्षरांचा हा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून स्वतः तपासा. नुसता पीएनआर असणे म्हणजे तिकीट निघणे नव्हे. काही वेळा जागा फक्त धरून ठेवलेली असते. एअर इंडियासारख्या कंपन्यांच्या तिकिटाला तेरा आकडी क्रमांकही असतो. तो मागा.

५) तिकिटावर मोबाइल नंबर कोणाचा घातला? हा प्रश्न लहान वाटतो, पण फार मोलाचा आहे. एजंट स्वतःचा नंबर घालतो. मग विमानाची वेळ बदलल्याचा निरोप त्याच्या फोनवर जातो आणि आपण जुन्या वेळेला विमानतळावर पोचतो. आपला नंबर घालायला लावा.

६) सामान किती किलो? देशांतर्गत साध्या तिकिटावर सहसा १५ किलो बॅग आणि ७ किलो हातातले मिळते. स्वस्त परदेशी तिकिटावर कधी कधी मोठी बॅग धरलेलीच नसते.

७) नावे पासपोर्टप्रमाणेच आहेत ना? आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, लग्नानंतर तिसरे असे होते. काही म्हाताऱ्या माणसांच्या पासपोर्टवर आडनावच नसते. नोव्हेंबर २०२२ पासून दुबईच्या बाजूला, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, एकच नाव असलेला पासपोर्ट चालेनासा झाला. कुठल्याही देशाचे तिकीट काढण्यापूर्वी हे तपासून घ्या.

पैसे रोख देऊ नका. दुकानाच्या नावाच्या खात्यात भरा आणि पक्की पावती घ्या. "पावती लागली तर जीएसटी पडेल" असे कोणी म्हणाले तर जीएसटी द्या, पण पावती सोडू नका.

कायदा काय देतो, काय देत नाही?

नागरी विमान महासंचालनालयाचे नियम प्रवाशाच्या बाजूने काही गोष्टी सांगतात. पूर्वसूचना न देता विमान रद्द केले तर पैसे परत किंवा दुसरे विमान, आणि वर उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे पाच ते दहा हजारांपर्यंत भरपाई. मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून याहून कमी होत असतील तर तेवढीच. वादळ, धुके अशा कारणाने रद्द झाले तर ही भरपाई नाही. तिकीट परत न मिळणारे असले तरी सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत द्यावे लागते. एजंटकडून घेतलेल्या तिकिटाचा परतावाही विमान कंपनीची जबाबदारी आहे, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी मानला जातो.

पण यात कुठेही जहाजाचे नाव नाही. विमान कंपनी विमानाचे पैसे देईल, बुडालेल्या क्रूझचे देणार नाही. त्यासाठी प्रवास विमा काढावा लागतो. विमा घेताना "विमान उशिरा झाल्याने जहाज चुकले तर पैसे मिळतील का, आणि किती तासांचा उशीर लागेल?" हे शब्द पॉलिसीत शोधा. नुसती दवाखान्याची पॉलिसी असेल तर ती या कामी येणार नाही.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. लातूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. वकील नसला तरी तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करावी लागते. मात्र तिथे पावती, तिकीट आणि एजंटचे मोबाइलवरचे निरोप हेच साक्षीदार असतात.

आणि सामानाविषयी एक गोष्ट. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत निघाले तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. ते रेल्वेने फ्रान्सच्या मार्सेय बंदरात गेले आणि तिथून 'कैसर-ए-हिंद' जहाजाने मायदेशी आले. त्यांची पुस्तके आणि सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. थॉमस कुक कंपनीकडून सामानाची भरपाई मिळाली आणि ती पुढे बडोद्याला नोकरीवर जाताना उपयोगी पडली. ग्रंथ मात्र पैशाने परत येत नाहीत. आपल्या प्रवासात तेवढे मोठे संकट नाही. पण पासपोर्ट, औषधे, चष्मा, बदलायचे एक जोडी कपडे आणि जहाजाचे कागद मोठ्या बॅगेत टाकू नयेत. ते हातातल्या पिशवीतच ठेवावेत. बॅग उशिरा आली तरी माणूस जहाजावर चढू शकतो.

शेवटी एवढेच. घरात बसून आधी जहाजाचा दिवस कागदावर लिहा. त्याच्या मागे एक दिवस मोजा. त्या आदल्या दिवशी पोचवणारे तिकीट शोधा, आणि मग भाव करा. त्या तारखेला स्वस्त मिळाले तर आनंदाने घ्या. तारीख ढकलून स्वस्त मिळत असेल तर एजंटला नम्रपणे "नको" म्हणा. प्रश्न विचारायला संकोच करू नका. पैसे आपले आहेत, घामाचे आहेत, आणि विचारून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

आईच्या डोळ्यांपुढे समुद्र यावा म्हणून हा सगळा खटाटोप आहे. तो तिने जहाजाच्या कठड्याशी उभे राहून पाहावा, धक्क्यावर बॅगांवर बसून नव्हे.

जयभीम!